मेहेर सिस्टरांचं नाक

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी मेहेर सिस्टरांना नमस्कार केला, तर त्यांनी माझे जोडलेले हात धरले, उलगडले आणि नाकाजवळ नेऊन चक्क हुंगले.

"सकाळी जवळा खाल्लास," त्या म्हणाल्या. "हात धुतलास, पन बोटांच्या मधे नाय धुतलास. जा."

मी हबकलो. जवळा खाल्ला होता हे खरं. उमरोळीहून निघताना बायकोनं भाकरीबरोबर वाढला होता. पण मी काही डॉक्टर नाही की कंपाउंडर नाही. पालघरच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून केसपेपर काढणारा माणूस. माझ्या बोटांशी कुणाला काय करायचंय? तरी सिस्टर अशा काही बघत राहिल्या की मी मुकाट्यानं नळ गाठला. मला मुळातच धक्का लवकर बसतो. त्यात या बाई नशिबात आल्या.

सिस्टर सातपाटीच्या. घरची होडी, अंगणात मासळी सुकत घातलेली, त्यातच लहानाच्या मोठ्या झालेल्या. बोंबील आजचा की कालचा हे त्या दारातून सांगतील. देवानं दिलेलं हे नाक त्यांनी सरळ दवाखान्याच्या कामाला लावलं.

त्याला कारण आमचे मोठे डॉक्टर. मी लागलो त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी मुंबईहून नियमांचा एक कागद आणला. दवाखान्यात आलेल्या पोरांना दवाखान्यातच नवं दुखणं चिकटू नये म्हणून काय करायचं आणि काय नाही, ते सगळं त्यात होतं. डॉक्टरांनी तो भिंतीला लावला आणि मोकळे झाले. असले कागद कोण वाचतो? सिस्टरांनी वाचला. घोळ तिथंच झाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वॉर्डात निघाले, तर दारात सिस्टर.

"डॉक्टर, घड्याळ."

डॉक्टरांनी वेळ सांगितली.

"वेळ नाय विचारली. काढा ते. मनगट पन धुवायचं हाय."

डॉक्टरांनी घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. दवाखान्याचा मालक एका सिस्टरच्या सांगण्यावरून बाह्या वर करून नळाखाली उभा, हे बघून मी घड्याळ उलटं की सुलटं धरलंय तेसुद्धा मला कळेना.

तेव्हापासून "हात?" हा त्यांचा एकच प्रश्न. कसे आहात नाही, जेवलात का नाही. कुणी आत निघालं की "हात?" आणि समोरचा तापला की पुढचं वाक्य तयार: "नियम माझा नाय, पोराचा हाय."

एकदा एक पुढारी फळं वाटायला आले. बरोबर फोटोवाला आणि बोटाबोटांत अंगठ्या. सिस्टर म्हणाल्या, अंगठ्या काढा, मगच आत. साहेब हसून म्हणाले, "अहो, ज्योतिषानं घातल्यात. काढल्या तर संकट येईल."

"तुमचं संकट तुमी बघा," सिस्टर म्हणाल्या. "आत ज्यांच्यावर आलंय त्यांचं मी बघते."

उद्यापासून दवाखान्याला टाळं, हे मी मनात धरूनच चाललो. साहेबांनी दारातच फोटो काढला आणि सफरचंदं माझ्या काउंटरवर ठेवून ते निघून गेले. सिस्टरांनी त्यातलं एक उचलून हुंगलं आणि म्हणाल्या, "धुवून घे."

मासवणची एक आजी नवजात नातवासाठी कमरेला मधाची बाटली खोचून आली होती. लुगड्याच्या आतली बाटली सिस्टरांनी वासावरून काढली. आजी खवळली. "आमची सगली पोरं मधावरच वाढली गं."

"वाढली ती सांगतेस, मावशे," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. आजीनं बाटली गुपचूप माझ्याकडे ठेवायला दिली. मी त्या दिवशी नीट जेवलो नाही.

आणि माझ्या पुतणीचं बारसं. मीच शहाणा, सिस्टरांना आमंत्रण दिलं. त्या वेळेवर आल्या आणि पाळण्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "हात?" झालं. ठेवणीतल्या साड्या वर खोचून आमच्या घरच्या बायका मोरीपाशी रांगेत. एकीला जरा खोकला आला, तिला तर अंगणात पाठवलं. ती माझी मावशी. अजून माझ्याशी बोलत नाही. "खोकला, सर्दी, ताप, बाळाजवळ कोनी नाय," सिस्टर म्हणाल्या. "कागदात हाय." बारशाला कागद आणतं का कोण?

आता तुम्हाला वाटेल, बाई कडक, काळजाच्या जागी फिनाइलची बाटली. मलाही तेच वाटायचं.

सिस्टरांना एकच मुलगा, नितेश. होडीवर जातो. लग्नाला बरीच वर्षं होऊन पाळणा हलत नव्हता. सुनेला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा सगळं मधेच संपलं. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, पण वेळेच्या फार आधी, आणि तिला आमच्याच दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. पोरगी आज ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. असल्या गोष्टी जीव टांगून सांगितलेल्या मला स्वतःला सोसत नाहीत. पण त्या दिवशी डॉक्टर काही बोलत नव्हते, आणि डॉक्टर बोलत नाहीत म्हणजे काय ते आम्हाला कळतं.

आणि सिस्टरांना नेमकी सर्दी. नाक चोंदलेलं, अंगात कणकण.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. "सिस्टर, मास्क लावा. मी नेतो तुम्हाला आत. नुसतं बघून या. पुढचं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"दुसऱ्या कोनाच्या आजीला सोडलं असतंत?"

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.

"नियम माझा नाय, पोराचा हाय," सिस्टर म्हणाल्या. "पोर माझं हाय म्हनून नियम माझा होत नाय."

मला त्या बाईचा राग आला, खरं सांगतो. आत नात जगते की जाते, आणि ही कागद धरून बसलीय.

दुपारी चहा घेऊन मागच्या ओट्यावर गेलो. तिकडून वॉर्डाची बंद काच दिसते. आत नितेश, एवढा आडदांड गडी, शर्ट काढून खुर्चीत, आणि उघड्या छातीवर टोपी घातलेलं मुठीएवढं पोर. बापाची ऊब द्यायची, हेही त्या कागदातलंच. बाहेरून मास्क लावलेल्या सिस्टर त्याला खुणा करत होत्या. टोपी खाली ओढ. मान वर ठेव. मग त्या वळल्या, ओट्यावरच्या नळाशी गेल्या, साबण लावून बोटांच्या मधे, मनगटापर्यंत हात धुतले, आणि कशालाही न लागतील असे वर धरून परत काचेशी उभ्या राहिल्या. हे त्यांचं सकाळपासून चाललं होतं. कातडी पार लाल झाली होती.

"सिस्टर, आत जायचं नाही, मग हात कशाला?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले. "माझं नाक बंद हाय. तू बघ. मासळीचा वास येतो काय?"

मी वाकून हुंगले. नुसता साबण.

"नाय येत," मी म्हणालो.

"धुवून ठेवते आपली," त्या म्हणाल्या. "बरी झाले आनि त्यांनी बोलावलं तर उशीर नको."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मास्क भिजत होता, आणि हात धुतलेले म्हणून त्यांना ते पुसता येत नव्हतं. मला राहवेना. चहा कठड्यावर ठेवला, खिशातून रुमाल काढला आणि त्यांच्या तोंडाकडे नेला.

त्या जराशा मागे सरल्या.

"हात?"

मी नळाकडे गेलो.