मिशी दिसली की नापास

टीव्ही घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला म्हणतो, जरा लावून दाखवा. आमचे शेजारी सुभेदार निकम म्हणायचे, "बंद करा."

दुकानदार बिचारा रंगीत चित्र लावून, आवाज मोठा करून हसतमुखाने उभा असायचा. गोंधळून तो बटण दाबायचा. मग सुभेदार त्या काळ्या काचेसमोर सावधान उभे राहायचे, मान किंचित पुढे काढायचे आणि आपली पांढरी झुपकेदार मिशी काचेत दिसते का ते बघायचे. दिसली की शेरा ठरलेला. "मिशी दिसली. नापास. म्होरला दावा."

मलकापुरात आमची भिंतीला भिंत. मी शाळेत शास्त्र शिकवतो, एवढ्या अपराधापायी त्यांनी मला या मोहिमेवर घेतलं. "आवं मास्तर, चालू असताना समदेच गोड दिसत्यात. बंद असताना कळतं गडी कसा हाय त्यो. आमच्या सोप्यात ऊन लय. काच चकाकली की चित्र गेलंच म्हणायचं." शास्त्र म्हणून यात खोट काढता येत नव्हती, हे मला जास्त झोंबायचं.

ऊन खरंच लय होतं. सोप्याची, म्हणजे बाहेरच्या खोलीची, खिडकी पूर्वेला, थेट रस्त्यावर, आणि रुंदीला दाराच्या दुप्पट. तिला पडदा नाही. समोरच्या भिंतीशी त्यांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, पोट सुटलेल्या काचेचा. आणि मधे खाटेवर, खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आक्का, म्हणजे सुभेदारांच्या मंडळी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. मान वळत नव्हती, बोलणं दिवसाला दोन-चार शब्दांवर आलेलं. पाठीला ऊन द्या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून ती जागा.

मी एकदा सुचवून पाहिलं, खिडकी लावून घ्या, नाहीतर टीव्ही आतल्या खोलीत न्या.

"खिडकी लागायची न्हाई," सुभेदार म्हणाले. "चोवीस वर्सं मी पलटणीत. सुट्टीवर कवा यीन त्येचा नेम नसायचा. ही त्या खिडकीत बसून वाट बगायची. आता मीच ती लावू व्हय?"

मग माझ्याकडे न बघता, "दिसभर ती त्या टीव्हीकडं बगती, मास्तर. उन्हात चित्र दिसत न्हाई, तरीबी बगती. मला बगवत न्हाई."

मी त्यांच्याबरोबर हिंडत राहिलो.

कऱ्हाडची दुकानं दोन महिन्यांत संपली. एका ठिकाणी सुभेदारांनी मालकाला आणि मला टीव्ही उचलून भर उन्हात फुटपाथवर ठेवायला लावला. बघ्यांना वाटलं दुकानावर जप्ती आली. पुढे पुढे ते दिसले की शटर अर्ध्यावर यायचं. मग आम्ही सांगली गाठली. तिथे चौथ्या दुकानात गडद राखाडी काचेचा एक टीव्ही निघाला. सुभेदार त्याच्यासमोर उभे राहिले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले.

"मास्तर, तुमास्नी दिसती?"

"नाही."

"चष्मा पुसून सांगा."

पुसून सांगितलं. सुभेदारांचा चेहरा बढती मिळाल्यासारखा झाला. "पास," ते म्हणाले आणि दुकानदाराशी हस्तांदोलन केलं. त्याला अजूनही नेमकं काय झालं ते कळलेलं नव्हतं.

टीव्ही जीपने आला. जुना त्यांनी मला देऊन टाकला. "शाळंत न्या, पोरांस्नी खोलून दावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भर उन्हात नवा टीव्ही लागला आणि चित्र असं लख्ख दिसलं की जमलेली गल्ली वाहवा करू लागली. सुभेदार मात्र चित्राकडे पाठ करून आक्कांच्या तोंडाकडे बघत होते. आक्कांनी थोडा वेळ चित्र पाहिलं. मग त्यांचे डोळे काहीतरी शोधल्यासारखे इकडेतिकडे फिरले, आणि मोठ्या कष्टाने त्या म्हणाल्या, "रस्ता कुटं गेला?"

कुणाला काही कळेना. सुभेदारांनी टीव्ही बंद केला. खाटेमागे जाऊन गुडघ्यावर बसले, आपलं डोकं आक्कांच्या डोक्याशी नेलं आणि तिथून समोर बघितलं. राखाडी काचेत काही म्हणजे काही नव्हतं.

तासाभरात ते माझ्या दारात आले. "मास्तर, आमचा जुना द्या."

मी ओशाळलो. "अहो, मी मागचं झाकण काढलंय. आतल्या वायरी सुटल्यात."

"काच हाय न्हवं? मग झालं."

जुना टीव्ही मी स्वतः उचलून नेला, जागेवर ठेवला आणि त्यांच्यासारखाच खाटेशी वाकून पाहिलं. फुगीर काचेत अख्खी खिडकी होती. खिडकीत रस्ता, मारुतीच्या देवळापासून पाणंदीच्या वळणापर्यंत. भाजीची गाडी जात होती, दोघीजणी कळश्या घेऊन निघाल्या होत्या. आक्का दोन वर्षं हे बघत होत्या. प्रकाशाचा धडा दरवर्षी शिकवणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

आता त्यांच्या सोप्यात दोन टीव्ही आहेत. नवा रंगीत, आल्यागेल्यासाठी. जुना कायमचा बंद, आक्कांसाठी. गल्लीला हसायला विषय झाला. त्यात भर म्हणजे सुभेदार रोज सकाळी बाजारातून येताना खिडकीसमोर भर रस्त्यात थांबतात, पिशवी खाली ठेवतात आणि मिशीला दोन्हीकडून पीळ देतात. मागून सायकलवाले घंटी वाजवतात.

एकदा त्या वेळी मी सोप्यात होतो. काचेत बोटाएवढा माणूस येऊन उभा राहिला. आक्कांचे डोळे त्याच्यावर होते.

जरा वेळाने सुभेदार आत आले. "काय दिसलं?"

"मिशी," आक्का म्हणाल्या.

"पास," सुभेदार म्हणाले, आणि पिशवीतली मेथी काढून निवडायला बसले.