एका कुटुंबास एकच

वाचवलेला पैसा डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तो ठेवायला जागा फार लागते. हे सत्य अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांची घरं मोठी असतात. पट्टीसाहेबांचं भाड्याचं घर तीन खोल्यांचं होतं.

पट्टीसाहेब पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. शहराच्या पोटातले नळ कुठून कुठे जातात याचे नकाशे त्यांनी चौतीस वर्षं काढले. पट्टी लावल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही रेघ ओढली नाही (सहीखालचीसुद्धा). त्यावरून ऑफिसात हे नाव पडलं आणि पेन्शनबरोबर घरी आलं. त्यांच्या पत्नीला गल्लीत शिवणकाकू म्हणत. पुढच्या खोलीत, खिडकीला लागून, त्यांचं शिलाईमशीन होतं. जुना कपडा उसवून नव्याने बेतण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती. असं हे सुखी कुटुंब साबण संपला की साबण आणत असे.

या पद्धतीतला मागासलेपणा पट्टीसाहेबांच्या लक्षात निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या रविवारी आला. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तुटक रेघांचा एक चौकोन होता. आत लिहिलं होतं, ‘हे कूपन आणा, दाढीच्या साबणावर तीस टक्के सूट मिळवा.’ खात्यात तुटक रेघेचा अर्थ एकच होता: ‘प्रस्तावित नळ, मंजुरी प्रलंबित.’ इथे मात्र मंजुरी आधीच मिळालेली होती. पट्टीसाहेबांनी चौकोन कापला, दुकानात गेले आणि साबण घेऊन आले. घरात दोन साबण होते, ते तीन झाले.

“तीस टक्के वाचले,” ते म्हणाले.

“आणि सत्तर?” काकूंनी विचारलं.

“सत्तर खर्च झाले. ते काय, कुणाचेही होतात.”

कापण्यासाठी त्यांनी जी कात्री वापरली ती काकूंची कापडाची कात्री होती. कापडाच्या कात्रीला शिवणाऱ्या बाईच्या घरात सासऱ्यांइतका मान असतो. तिला विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही आणि कागद तर तिच्यासमोर आणतही नाहीत. दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाचं रेशमी कापड कापताना कात्रीने ते कापण्याऐवजी चावलं. काकूंनी पातं बोटावर फिरवून पाहिलं.

“अहो, हिने कागद कापलात तुम्ही?”

“अगदी सरळ कापलेत,” पट्टीसाहेब अभिमानाने म्हणाले. “एक सूत इकडेतिकडे नाही.”

काकू काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याची नोंद घेतली गेली नाही, कारण तोवर घरगुती बचत विभागाची रीतसर स्थापना झाली होती आणि त्यात अशा नोंदीसाठी रकाना नव्हता.

विभागाचं काम आदर्श होतं, हे मान्य करायलाच हवं. रविवारी शेजारच्या बारा घरांतून वर्तमानपत्रं गोळा केली जात. सोमवारी कापणी, मंगळवारी वर्गवारी, बुधवार ते शनिवार प्रत्यक्ष खरेदी. पहिल्या सहामाहीचा अहवाल पट्टीसाहेबांनी काकूंना वाचून दाखवला. कापलेली कूपनं सहाशे बारा, वापरलेली चारशे अठ्ठ्याऐंशी, मुदत संपून वाया गेलेली एकशे चोवीस (विभाग दिलगीर आहे). टूथपेस्टचा साठा दोन माणसांना एकोणीस वर्षं पुरेल इतका (दात तोवर टिकतील असं गृहीत धरून). बाळाच्या पावडरीचे डबे बावीस. याबाबत मुलीला फोनवरून कल्पना देण्यात आली असून तिने फोन ठेवला आहे. फरशी पुसण्याच्या बाटल्या सत्तर. मात्र फरशी हल्ली दिसत नसल्याने खप कमी.

मग कुत्र्याच्या खाण्याचं कूपन आलं. दोन पेट्यांवर दोन पेट्या फुकट. अशी सवलत दहा वर्षांत एकदा येते, असं दुकानदार म्हणाला (तो दर महिन्याला म्हणतो). पट्टीसाहेबांनी चार पेट्या आणल्या.

“पण आपल्याकडे कुत्रा नाही,” काकू म्हणाल्या.

पट्टीसाहेबांना हे पटलं. त्रुटी खरी होती. ती त्यांनी तीन दिवसांत दूर केली. कुत्रा पिवळट, लांब कानांचा आणि स्वभावाने गरीब होता. त्याचं नाव मोफत ठेवण्यात आलं. गल्लीत उभं राहून ‘मोफत! मोफत!’ अशी हाक मारली की कुत्रा सोडून बाकी सगळे वळून बघत. पेटीतलं खाणं त्याने एकदा हुंगलं आणि नंतर तो आयुष्यभर काकूंच्या ताटातलंच खात राहिला. त्याला बाकी काही कळत नसे, पण कूपनावरचा माल त्याला वासाने ओळखू येई.

इथवर सगळं ठीक होतं. संसारात याहून मोठ्या गोष्टी पोटात घातल्या जातात. पण आतल्या दोन खोल्या भरल्या आणि विभागाचा विस्तार पुढच्या खोलीत झाला. टिश्यू पेपरच्या पेट्या एकावर एक रचल्या तर खिडकीच्या उंचीला बरोबर बसत होत्या. मापात असं बसणं आरेखकाला मोह घालतं. एका दुपारी काकू भाजी घेऊन आल्या तर खिडकी नव्हती. मशीनवर पट्टीसाहेबांनी दिवा बसवून दिला होता (बल्बवर एक बल्ब फुकट).

त्या दिव्याखाली काकूंनी बँकेतल्या मॅडमचा गडद निळा कोट शिवला. तीन दिवसांनी मॅडम तो परत घेऊन आल्या. त्यांनी कोट उन्हात धरला. आतली सगळी टीप काळ्या दोऱ्याची होती.

“मी काही म्हणत नाही हं काकू,” मॅडम म्हणाल्या. “वय झालं की दिसतं कमी. आमच्या आईचंही असंच झालं.”

काकूंच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्यांनी कोट ठेवून घेतला, उसवला, पायरीवर उन्हात बसून निळ्या दोऱ्याने पुन्हा शिवला आणि शिलाई घेतली नाही. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. त्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत. पट्टीसाहेबांनी हे पाहिलं आणि त्यांना वाईटही वाटलं, पण त्यांच्यापुढे त्याच वेळी एक फार मोठी अडचण उभी राहिली होती.

दुकानाने पाटी लावली होती: ‘एका कुटुंबास एकच कूपन.’

पट्टीसाहेब थेट मॅनेजरकडे गेले. “कुटुंब म्हणजे काय?” त्यांनी विचारलं.

मॅनेजर तरुण होता. हा प्रश्न त्याला नोकरीच्या मुलाखतीत विचारला नव्हता. त्याने फाईल चाळली. “एका पत्त्यावर राहणारी माणसं, काका.”

“आणि पत्ते दोन असले तर?”

“मग कुटुंबं दोन.”

पट्टीसाहेब तरंगत घरी आले. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. तिचं भाडं दुसऱ्या कूपनावर होणाऱ्या बचतीपेक्षा थोडंसं कमी होतं (खोलीमालक वयस्कर होता आणि भाडं वाढवायचं विसरला होता). म्हणजे पत्नी समोर राहायला गेली तर कुटुंब दर महिन्याला फायद्यात येत होतं. त्यांनी कार्यालयीन टिप्पणी तयार केली, खाली पट्टी लावून सहीची रेघ ओढली आणि कागद काकूंसमोर ठेवला. चौतीस वर्षांचा संसार तिसऱ्या परिच्छेदात ‘पूर्वीचे संयुक्त कुटुंब’ झाला होता.

काकूंनी कागद दोनदा वाचला.

“खोलीला खिडकी आहे?”

“आहे. पूर्वेला. पण खिडकीचा कूपनाशी काही संबंध नाही.”

“नसू दे,” काकू म्हणाल्या आणि सही केली.

मशीन चौघांनी उचलून नेलं. काकूंनी एक गादी, दोन भांडी आणि चार कपडे घेतले. मोफत कुणी न सांगता त्यांच्या मागोमाग जिना चढला. त्यामुळे पहिल्या कुटुंबाकडे कुत्र्याचं खाणं राहिलं आणि दुसऱ्या कुटुंबाकडे कुत्रा.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस पट्टीसाहेब दुसऱ्या कुटुंबाच्या तपासणीला गेले. खोलीत ऊन होतं. मशीन खिडकीशी होतं. फळीवर एक टूथपेस्ट होती, मोरीत एक साबण होता. पट्टीसाहेबांनी वाकून आणखी कुठे काही आहे का पाहिलं. काही नव्हतं.

“साबण एकच?”

“अंगही एकच आहे.”

“कुठल्या कूपनावर घेतलास?”

“कोपऱ्यावरच्या दुकानात. पूर्ण किमतीला.”

पट्टीसाहेबांना खाली बसावं लागलं. काकूंनी पाणी दिलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या खोलीत बसायला खुर्ची आहे आणि तिच्यावर काही ठेवलेलं नाही.

पुढचे तीन महिने विभागाच्या इतिहासात सर्वांत यशस्वी गणले पाहिजेत. बचत एकोणसत्तर टक्क्यांवर गेली. ती ऐकायला घरात कुणी नव्हतं, म्हणून पट्टीसाहेब अहवाल स्वतःला वाचून दाखवत आणि स्वतःच मंजूर करत. ते पलंगाच्या कडेला झोपत, कारण मधे शाम्पू होता. मुलीने फोनवर विचारलं, “बाबा, आईचा पत्ता वेगळा कसा?” त्यांनी नियम समजावून सांगितला. तिने तो ऐकून घेतला. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही जेवता ना नीट?” या प्रश्नाला टक्केवारीत उत्तर देता येईना.

एका सकाळी त्यांनी खिडकीतल्या पेट्यांपैकी वरची एक काढली. सर्दी झाली होती आणि टिश्यू हवे होते, एवढंच कारण होतं. पेटीच्या जागी एक चौकोन उघडा पडला आणि त्यातून समोरच्या दुसऱ्या मजल्यावर काकू शिवताना दिसल्या. दोरा दातांनी तोडून त्यांनी मान वर केली. पट्टीसाहेब चटकन बाजूला झाले. मग त्यांनी सवयीने नजरेने अंतर मोजलं: चाळीस फूट, फार तर बेचाळीस. एवढ्या अंतरासाठी ते नळ टाकताना नकाशासुद्धा काढत नसत, सरळ जोडून द्या म्हणत.

ते सर्दीसकट समोर गेले.

“मी इकडे राहायला येऊ का?”

काकूंनी पाय न थांबवता मशीन चालवलं. “या. पण हात हलवत या.”

“म्हणजे?”

“म्हणजे एक पेटीसुद्धा बरोबर नाही. ते घर रिकामं करा, किल्ली मालकाला द्या आणि या.”

“सगळं? फुकट वाटू?”

“कसंही करा.”

पट्टीसाहेबांनी दारात माल मांडला आणि वर पाटी लावली: ‘कोणीही घेऊन जावे. पैसे नकोत.’ दोन दिवसांत कुणी काडीलाही हात लावला नाही. येणारे-जाणारे लांबून पाहत. कुणी म्हणे माल खराब असेल, कुणी म्हणे मागून बिल येईल. बँकेतल्या मॅडमनी एक बाटली उचलली, वास घेतला आणि परत ठेवली. “काहीतरी असणारच हो,” त्या शेजारणीला म्हणाल्या. “असं कुणी देतं का?”

तिसऱ्या दिवशी पट्टीसाहेबांनी पाटी काढली. टेबलाशी बसले, पट्टी घेतली आणि आयुष्यातलं सर्वोत्तम आरेखन केलं. तुटक रेघांचा चौकोन, आत सुबक अक्षरं: ‘हे कूपन आणा. दोन पेट्या उचला, तिसरी मोफत. मुदत फक्त आजची. एका कुटुंबास एकच.’ झेरॉक्सच्या दुकानातून दोनशे प्रती काढून त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे वर्तमानपत्रांच्या बारा घरांत आणि आजूबाजूला टाकल्या.

रांग सकाळी आठला लागली. नऊला ती वळणापलीकडे गेली. पहिल्या दोन पेट्यांची किंमत काय, हे कुणीही विचारलं नाही. तिसरी नक्की फुकट आहे ना, हे प्रत्येकाने दोनदा विचारलं. दोन सख्खे भाऊ ‘आमची कुटुंबं वेगळी’ असं शपथेवर सांगून दोन वेळा माल घेऊन गेले. मॅडमनी फरशी पुसण्याच्या बाटल्यांसाठी एका निवृत्त मुख्याध्यापकांना कोपराने ढकललं. ज्यांच्याकडे कुत्रा नव्हता अशा दोघांनी कुत्र्याचं खाणं नेलं आणि जाता जाता पट्टीसाहेबांना विचारलं, कुत्रा कुठून आणलात. दुपारी दोनला घर रिकामं झालं. शेवटी आलेल्या माणसाला द्यायला काही उरलं नव्हतं; त्याने कूपन नाकाशी नाचवत ग्राहक मंचात जाण्याची धमकी दिली.

पट्टीसाहेबांनी किल्ली मालकाला दिली, रस्ता ओलांडला आणि जिना चढले. दोन्ही हात रिकामे होते. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांच्या हातात एक कोट दिला.

“धरा जरा उजेडात. टीप सरळ आहे का सांगा. तेवढं तुम्हाला कळतं.”

त्यांनी कोट धरला. टीप सरळ होती. त्यांनी तसं सांगितलं, आणि आणखी काही सांगायचं होतं ते सर्दीमुळे सांगता आलं नाही. मोफत त्यांच्या पायावर येऊन बसला.

ही हकिकत छापायला देण्यापूर्वी चार सुशिक्षित, समंजस आणि बऱ्या परिस्थितीतल्या माणसांना वाचायला देण्यात आली. चौघेही पोट धरधरून हसले. माणसं किती वेडी असतात, यावर चौघांचं एकमत झालं. आणि निघताना, चपला घालता घालता, सहज आठवल्यासारखं करून चौघांनीही वेगवेगळं येऊन विचारलं की त्या दोनशे कूपनांतली एखादी प्रत शिल्लक आहे का.

नाही. पण वाचकहो, आपलं नाव पाचव्या क्रमांकावर लिहून ठेवलं आहे.