बॉल ज्याने झेलला त्याचा

"यंदाची क्रिकेट टुर्नामेंट अमेरिकेसारखी होईन, अन् चषक अनसिंगातच राहीन," असं पुंजाजींनी पानटपरीवर छाती ठोकून सांगितलं, तेव्हाच त्यांना धरून घरी न्यायला हवं होतं. पण पुंजाजी पडले टुर्नामेंटचे अध्यक्ष, त्यात पोरीकडे अमेरिकेत ओमाहाला तीन महिने राहून आलेले. ओमाहा म्हणजे आपल्या अकोल्याएवढं शहर, पण बेसबॉलचं भलतं वेड! परतल्यापासून पुंजाजींच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. बायको मनकर्णाबाई म्हशीला चारा टाकतानाही ओमाहाच ऐकायची.

तिकडे बॉल प्रेक्षकांत गेला की ज्याने झेलला त्याचा, तो खुशाल घरी नेतो. हाच नियम पुंजाजींनी बिनवायरच्या माईकवरून जाहीर केला आणि डझनभर टेनिस बॉल टेबलावर मांडले.

फायनल शेलूबाजारशी. नऊ वर्षं चषक त्यांच्याच जीपमध्ये बसून जात होता. यंदा अनसिंगचा कप्तान होता पुंजाजींचा नातू हरीओम.

दोन ओव्हरांत गावाला नियम पाठ झाला. जन्मात क्रिकेट न पाहिलेल्या चंपाबाई टोपलं घेऊन दोरीला खेटून बसल्या. देवमनने घरून मच्छरदाणी आणली. शेलूबाजारच्या एका फलंदाजाची सासुरवाडी अनसिंगातलीच, त्याने तिन्ही सिक्सर बरोबर मेहुण्यांकडे मारले. बॉल मिळाला की माणूस घरी, असं चाललं होतं.

शेवटची ओव्हर. हरीओमने सिक्सर हाणला, तो मंडपामागे बसलेल्या मनकर्णाबाईच्या पदरात पडला. आता एक बॉल, चार रन. अंपायर मारोतराव मास्तरांनी टेबलाकडे हात केला, तर टेबल रिकामं.

पुंजाजी माईक काखेत मारून मंडपामागे पळाले.

"मनकर्णा, बॉल दे."

"काहून? माहा आहे तो. तिकडं परत मांगतात काय?"

"नऊ वर्षांनी चषक येऊन राह्यला वं!"

"तीन महिने तुमी तिकडं, मी अन् म्हैस इकडं. आल्यापासून नुसतं ओमाहा ऐकून राह्यली. आज पह्यल्यांदा त्यातलं काही माह्या हाती आलं."

पुंजाजी गडबडले. साठी उलटल्यावर बायकोची समजूत काढायची सवय राहत नाही.

"एक सांगा," ती म्हणाली. "तिकडं माही याद आली होती का?"

मैदान चिडीचूप झालं. शेवटच्या बॉलचं टेन्शन असेल, असं पुंजाजींना वाटलं.

"रोज," ते हळूच म्हणाले. "दोनदा तर बाथरूमात जाऊन रडलो. पोरीले म्हटलं, डोळ्यात साबण गेलं."

मनकर्णाबाईने पदराची गाठ सोडली आणि बॉल त्यांच्या हातावर ठेवला.

बॉल पडला. हरीओमची मधली दांडी उडाली. चषक पुन्हा जीपमध्ये बसला.

पुंजाजी तणतणत मैदानात शिरले. "अबे, सोपा फुलटॉस होता. हुकला कसा?"

हरीओम पोट धरून खाली बसला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते हरल्याचं नव्हतं, हसण्याचं होतं.

"आबा, तुमाले कोणी सांगतलं होतं साबणाचं बोलाले? पह्यले काखेतला माईक बंद करा."

हेही भोंग्यातून सगळ्या अनसिंगानं ऐकलं.