पेटी क्रमांक चारची शिरगणती

तहसील कचेरीतल्या नेटवर्कच्या पेटीत राहणाऱ्या जोडण्यांची शिरगणती यंदा तोरस्करबाईंच्या वाट्याला आली. मतदार मोजून झाले होते, गुरंढोरं झाली होती, त्यामुळे बाईंना विशेष काही वाटलं नाही. शुक्रवारी चौथीचा वर्ग शेजारच्या बाईंकडे सोपवून त्या कचेरीत आल्या, पेटीवर टकटक केली आणि म्हणाल्या, "आत कोण कोण आहे?"

जोडण्या एकेक करून पुढे आल्या. कुठून आलात, कुठे चाललात, किती माहिती नेलीत, किती आणलीत, बाई लिहून घेत होत्या. सातबाऱ्यासाठी आलेल्या चटचट बोलल्या. कचेरीच्या वेळेत क्रिकेटचा स्कोअर आणणारी जरा ओशाळली, पण तिचीही नोंद झाली. तीनशे बारा भरल्या.

एक मात्र कोपऱ्यात तशीच उभी.

"तुमचं काय?"

"मी ग्रंथालयाच्या पेटीला नमस्कार धाडलाय. तिकडून उलट नमस्कार आला की माझं सुरू."

"कधी धाडलात?"

"मंगळवारी."

कारकून बुगडे टेबलावरूनच म्हणाले, "बाई, ती अर्धवट आहे. धरू नका. पाचला काढून टाकतो."

पटावरचं नाव खोडणं बाईंना एकवीस वर्षांत जमलं नव्हतं. "भाऊसाहेब, पाचपर्यंत थांबा," म्हणून त्या तडक ग्रंथालयात गेल्या. तिथल्या पेटीवर टकटक केली.

"अहो, तीनदा उत्तर दिलं!" आतून वैतागलेला आवाज आला. "वाटेत सांडतं, त्याला मी काय करू?"

"माझ्याकडे द्या. मी नेते."

नमस्कार न्यायचा तर हात जोडलेलेच ठेवावे लागतात. बाई भर बाजारातून तशाच निघाल्या. भाजीवालीने नमस्कार केला, माजी सरपंच चपला काढून वाकले. "तुम्हाला नाही हो, हा कचेरीतला आहे," असं सांगत सांगत बाई पाचला चार मिनिटं असताना पोचल्या आणि कोपऱ्यापाशी जाऊन हात सोडले.

"पोचला!" जोडणी ओरडली. पेटीवरचा दिवा हिरवा झाला.

"थांबा, माहिती सांगून जा."

"आल्यावर सांगते, बाई!" आणि ती गेलीसुद्धा.

बाईंनी हात झटकले, खुर्चीत बसून घोटभर चहा घेतला आणि तक्ता पुरा केला. चालू जोडण्या : तीनशे तेरा. अर्धवट : निरंक.

बुगडेंनी शिक्का मारला.