अकरा महिन्यांचा संसार

साळवेकाकांना जेवायला बोलवायचं तर चिठ्ठी द्यावी लागते. वार, वेळ, भाजी; खाली सही. "तोंडी शब्दाला पाय फुटतात," हे त्यांचं ब्रीद.

काका आमचे अंबरनाथ पूर्वेतले शेजारी. उल्हासनगरच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून पंचवीस वर्षं भाडेकरार टाइप करतात. सगळीकडे कॉम्प्युटर आले, काका हलले नाहीत. सिंधी घरमालक त्यांना 'साईं' म्हणतात आणि मसुदा न वाचताच सही ठोकतात. त्यामुळे जगातला कुठलाही व्यवहार भाडेकराराच्या नमुन्यात बसतो, असं काकांचं ठाम मत झालंय.

मध्यंतरी कात्रपच्या बनसोडे मॅडमनी त्यांच्याकडे राहायला यायचं ठरवलं. मॅडम विधवा, काका विधुर. लग्न केलं तर मॅडमची नवऱ्यामागची पेन्शन बंद होणार, म्हणून लग्नाशिवायच एकत्र राहायचं. मॅडमची अट एकच: "उद्या कुणी मला घराबाहेर काढायला नको. कागद करा."

कागद! काकांना आकाश ठेंगणं झालं.

साक्षीदार म्हणून मला बोलावलं, अर्थात चिठ्ठीनं. काका चष्मा लावून वाचू लागले. "मुदत अकरा महिने. पक्षकार क्रमांक दोन भिंतीला खिळे ठोकणार नाहीत. मुदत संपताच जागेचा ताबा, नेहमीची झीज वगळता, होता तसा परत करतील."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो साळवे, मी भाड्यानं येतेय का? असं असेल तर मी आपली कात्रपलाच बरी."

मला हसू आवरेना. काका गोरेमोरे झाले आणि एकेक कलम खोडत गेले. खिळे गेले, झीज गेली, अकरा महिन्यांच्या जागी 'हयातभर' आलं. शेवटच्या कलमावर मात्र पेन अडलं.

"सोडून जाण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस. मॅडम, एवढं राहू द्या."

"का पण?"

"आमची मंगला गेली ना... सकाळी डबा भरून दिला. दुपारी फोन आला. डबा अजून उघडलाही नव्हता मी. काही बोलली नाही, काही नाही."

मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं त्या चिठ्ठ्यांवर आम्ही घरभर हसत आलो होतो.

मॅडमनी पेन घेतलं, 'एक महिना' खोडला आणि वर 'तीस वर्षं' लिहिलं. काकांनी ते दोनदा वाचलं. मग घसा खाकरून म्हणाले, "खाडाखोडीवर सही लागते."

मॅडमनी केली. आता काकांची पाळी. पंचवीस वर्षं लोकांना 'इथं सही करा' म्हणणाऱ्या माणसाला आपली जागा दिसेना. शेवटी मीच बोट ठेवून दाखवली.