हिंमतरावांचं बिनतारी यंत्र

गावात टपालकचेरी येणार आणि ती आपल्याच ओट्यावर बसणार, याबद्दल हिंमतरावांना तिळभरही शंका नव्हती. शंका होती ती बाकी सगळ्या गावाला.

तापीकाठचं गाव. पत्र आलंय का बघायला सारंगखेड्याला जा, मनिऑर्डर सोडवायला सारंगखेड्याला जा, आणि पोस्टमास्तर जेवायला गेले असतील तर तिथंच लिंबाखाली बसून राहा. पासष्ट सालची लढाई थांबून दोनेक महिने झाले असतील, तेव्हा खात्यानं कळवलं की गावात शाखा उघडायची आहे. पोस्टमास्तर गावातलाच नेमणार. त्याची जागा स्वतःची हवी, वागणूक चोख हवी आणि लिहिता-वाचता यायला हवं.

हिंमतरावांनी त्याच दिवशी अर्ज टाकला. म्हणजे अर्ज लिहिला त्यांच्या बायकोनं, सरलाबाईंनी, कारण हिंमतरावांनी आज लिहिलेलं उद्या हिंमतरावांनाच वाचता येत नसे. सही मात्र त्यांची स्वतःची. चांगली ऐसपैस, पाव पान अडवून बसलेली.

आता रविवारी नंदुरबारहून टपाल निरीक्षक जागा बघायला येणार होते. जागा झकास होती, पण ओट्यापुढचं मेंदीचं कुंपण पावसाळ्यात असं माजलं होतं की रस्त्यावरून ओटाच दिसत नव्हता. सरलाबाई म्हणाल्या, घरात विळा आहे, तासाभराचं काम आहे. हिंमतराव हसले. भावी पोस्टमास्तरानं विळा घेऊन अंगणात बसायचं? शोभलं असतं का?

त्यांनी गाठलं चुनीलालभाईंना. चुनीलालभाई म्हणजे शेजारचे गुजर, केळीचे बागायतदार. त्यांचा मेहुणा आफ्रिकेत दुकान चालवायचा आणि दर दोन वर्षांनी कसली तरी विलायती वस्तू धाडायचा. यंदा त्यानं गवत आणि झुडपं कापायचं यंत्र धाडलं होतं. हातात मावेल एवढं. मागे मूठ, मुठीत कळ, पुढे दातांच्या दोन ओळी. चुनीलालभाईंनी ते वापरलं कधीच नव्हतं. लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं होतं आणि पाव्हण्यांना काढून दाखवायचे.

"एकदा वीज भरली, का मंग तार नही, दोरी नही, कोठे बी लई जा," चुनीलालभाई म्हणाले. "बिनतारी शे, हिंमतभाऊ."

बिनतारी! हा शब्द हिंमतरावांना इतका आवडला की यंत्र हातात पडायच्या आधीच त्यांनी तो गावभर वाटला. शनिवारी पारावर बसून त्यांनी सांगितलं की आपल्याकडे आफ्रिकेहून बिनतारी यंत्र आलं आहे, उद्या सकाळी आपण ते चालवणार आहोत आणि निरीक्षक साहेब बघतच राहतील. ते गवत कापतं, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. सगळ्यांना ठाऊकच असेल, असं त्यांना वाटलं.

पारावर हिलाल कोतवाल बसला होता. लढाईच्या दिवसांत तालुक्याच्या साहेबांनी गावोगाव बजावलं होतं, की कुणाकडे बिनतारी यंत्र दिसलं तर ताबडतोब कळवा, शत्रूला बातम्या धाडणारा हेर असायचा. तेव्हापासून हिलाल डोळ्यांत तेल घालून बसला होता आणि गावात साधा परका कुत्राही आला नव्हता. आता घरचाच माणूस निघाला! हिलालला वाईट वाटलं, पण कर्तव्य ते कर्तव्य. तो तडक सारंगखेड्याला गेला, तिथल्या पोस्टात बसून एक तक्रार लिहवून घेतली आणि वर पाठवून दिली.

इकडे, गावात वीज नव्हती म्हणून, हिंमतरावांनी यंत्र चुनीलालभाईंच्या तापीवरच्या पंपाच्या खोलीत नेऊन विजेवर लावलं. रविवारी सकाळी आणलं, धोतर खोचलं, कळ दाबली. घर्रर्र! मेंदीची पानं अशी उडाली की हिंमतरावांना वाटलं, आजवरचा जन्म वाया गेला. फाटकाच्या डावीकडची बाजू त्यांनी सपाट केली. मग ती अजून सपाट केली. मग जरा डावं-उजवं वाटलं म्हणून पुन्हा वरून हात फिरवला. उजवीकडे वळले, एक फांदी कापली, आणि यंत्राला घरघर लागली. घर्र... घ... संपलं.

हिंमतरावांना काही कळेना. त्यांनी ते हलवलं, थोपटलं, उन्हात वाळत ठेवलं. कळ दहादा दाबली. डावी बाजू पाटीसारखी गुळगुळीत, उजवीकडे जंगल. न्हावी अर्धी दाढी करून पळून जावा, तसं घर दिसू लागलं.

"इळा दिऊ का?" सरलाबाईंनी दारातून विचारलं.

हिंमतराव त्यांच्याकडे बघतात न बघतात तोच फाटकातून निरीक्षक साहेब आत आले. भारदस्त माणूस, आणि मिशा त्याहून भारदस्त, दोन्हीकडे पीळ दिलेल्या. मागे हिलाल. त्यानं साहेबांना मोटारस्टँडवरच गाठून सगळं कानावर घातलं होतं. साहेबांनी ना जागा बघितली, ना कुंपण.

"तुमच्याकडे बिनतारी आहे म्हणतात?"

साहेबांच्या कानापर्यंत कीर्ती गेली! हिंमतरावांचा ऊर भरून आला. "आहे ना साहेब. आफ्रिकेहून आलंय."

"लायसन?"

"याला लायसन कशाला साहेब? घरच्या घरी वापरायचं."

साहेबांनी हिलालकडे पाहिलं. हिलालनं मान डोलावली. बिनतारी काय काय पकडतं, असं साहेबांनी विचारलं. हिंमतराव म्हणाले, पुढ्यात येईल ते पकडतं, काही सोडत नाही. बोलणं स्पष्ट ऐकू येतं का? छे, ते चालू असलं की शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. आज कशानं बंद आहे? काल तापीवर नेऊन भरलं होतं, पण सकाळी जास्तच चालवलं. तापीवर कुणाला भेटलात? कुणालाच नाही साहेब, पंपाच्या खोलीत एकटाच होतो.

साहेबांचा चेहरा उतरत चालला होता आणि हिंमतराव मनात म्हणत होते, बघा, कसे थक्क झालेत.

"आणा इकडे," साहेब म्हणाले.

पोलिसांकडे बोलायचं बिनतारी साहेबांनी एकदा लांबून पाहिलं होतं. मूठ कानाशी धरायची, पुढचं टोक तोंडापाशी आणायचं, कळ दाबून बोलायचं. साहेबांनी तसंच धरलं. कळ दाबली आणि म्हणाले, "हॅलो."

यंत्रानं एवढा वेळ विश्रांती घेतली होती. तेवढ्या विश्रांतीत जमलेला शेवटचा जीव त्यानं एकदम बाहेर काढला. घर्र! आणि साहेबांची डावी मिशी ओट्यावर पडली.

हिलालनं काहीच न सुचून सलाम ठोकला. डावीकडे साहेब गुळगुळीत होते, उजवीकडे जंगल. हिंमतरावांची नजर साहेबांवरून कुंपणाकडे गेली, कुंपणावरून साहेबांकडे आली, आणि पोस्टमास्तरकी तापीत वाहून जाताना त्यांना डोळ्यांपुढे दिसली.

"लेखी जबाब द्या," साहेब ओठावर रुमाल धरून म्हणाले. "हे यंत्र काय आहे आणि इथं काय घडलं. आत्ता."

हिंमतरावांनी लिहायला घेतलं, पण कागदावर नुसत्या गांडुळांच्या ओळी उमटल्या. सरलाबाईंनी पदर खोचला, कागद ओढून घेतला आणि उभ्या उभ्याच चार ओळी लिहिल्या. सदरचे यंत्र गवत व झुडपे कापण्याचे आहे. चालवताना तार लागत नाही म्हणून त्यास बिनतारी म्हटले. बोलणे जात नाही, येत नाही. साहेबांनी ते स्वतः हाती घेऊन तपासले व त्यांची खात्री झाली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मिशीचा कुठे उल्लेख नव्हता. त्यांनी खिशातून हिंमतरावांचा अर्ज काढून शेजारी धरला.

"हा अर्ज तुम्ही लिहिलात, बाई?"

"सही त्यास्नी शे," सरलाबाई म्हणाल्या.

साहेबांनी कात्री आणि आरसा मागितला. उजवी मिशीही उतरवून झाल्यावर ते बराच वेळ आरशात बघत बसले. मग निघताना म्हणाले, "टपालात काम करायचं तर दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवता आली पाहिजे." हिंमतरावांनी छाती ठोकून सांगितलं की आपल्या पोटात सगळं राहतं. साहेब त्यांच्याकडे बघतच नव्हते.

महिन्याभरानं ओट्यावर टपालकचेरी सुरू झाली. पाटी लागली, लाल पेटी आली. गादीवर बसल्या सरलाबाई. हिंमतरावांनी गावात सांगून टाकलं की मीच माघार घेतली, बाईमाणसाला पुढं आणलं पाहिजे. कुंपणाची उजवी बाजूही त्यांनीच सपाट केली. विळ्यानं.

पहिल्याच दिवशी टपालाच्या थैलीतून पहिलं रजिस्टर पत्र निघालं, ते हिंमतरावांच्याच नावाचं. विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगल्याची हिलालची तक्रार धुळ्यापर्यंत फिरून आली होती, खुलासा सात दिवसांत मागवला होता. हिंमतरावांनी हात पुढे केला, तशी पोस्टमास्तरीणबाईंनी पत्र मागे घेतलं आणि पावती पुढे सरकवली.

"पहिले सही," त्या म्हणाल्या. "आनि लहान करा. इतली जागा नही शे."