बोट कशाला झिजवायचं?

आमच्या शेजारच्या पाटीलकाकांचा मोबाइल कोणी हात न लावता आपला आपणच चालतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, फोनला काही बाधा झाली. काका समोर निवांत चहा पीत बसलेले आणि पडद्यावरची बटणं भराभर दाबली जातायत. "बोट कशाला झिजवायचं?" काका म्हणाले. हे त्यांचं लाडकं वाक्य.

काका मूळचे इथलेच, गोडदेव गावचे. जन्मभर वायरमनचं काम केलं आणि म्हातारपणी त्यांना एक अ‍ॅप सापडलं. पडद्यावर कुठे आणि किती वेळाने दाबायचं हे एकदा शिकवून ठेवलं की ते न कंटाळता दाबत राहतं. जाहिराती बंद करणं, नको ते फोटो उडवणं, नातेवाइकांना सुप्रभात धाडणं, सगळं काकांनी त्याच्या गळ्यात मारलं.

सोसायटीच्या ग्रुपवरही फोन रोज सकाळी "वा, सुंदर! असंच रोज येऊ दे" असं टाकायचा. आता अ‍ॅपला काही वाचता येत नाही. एकदा सेक्रेटरींनी कळवलं की टाकीत मेलेली घूस सापडली आहे, पाणी पिऊ नये. त्याखाली काकांची दाद. सेक्रेटरींनी त्यांना ग्रुपमधून काढलं. काकांना ते आठवड्याने कळलं, कारण ग्रुप ते स्वतः उघडतच नव्हते.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक जुना फोन मात्र कायम चार्जिंगला असायचा. त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती आणि विचारलं की काका विषय बदलायचे.

परवा दुपारी लाइट गेली. थोड्या वेळाने काका तोच फोन छातीशी धरून माझ्या दारात. जुनी बॅटरी, मान टाकायला आलेली.

"बाय, पावरबँक हाय का? पानी न्हाय मिळालं तर भात सुकंल."

पडद्यावर शेतीचा गेम होता. मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा बघून पावरबँक घेतली आणि त्यांच्या मागे गेले.

काकी पलंगावर बसल्या होत्या. संधिवाताने त्यांची बोटं पार आखडली आहेत. त्यांच्या माहेरच्या भातशेतावर आमची बिल्डिंग उभी आहे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ते शेत काकींनी गेममध्ये जसंच्या तसं मांडलं होतं. पण दिवसभर एकेका वाफ्यावर बोट दाबून पाणी द्यायचं, आणि बोटं चालेनात. पीक सुकलं त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. अ‍ॅप काकांनी त्यासाठी शोधलं होतं. बाकीचे उद्योग नंतरचे. लोक काकींना हसतील म्हणून काका कोणाला बोलले नव्हते.

"ह्यो कोपरा बघ, बाय," काकी म्हणाल्या. "हितं तुजं किचन."

भात पिवळंधमक होऊन कापणीला आलं होतं. कापणीही फोनच करतो का, मी विचारलं.

"ती न्हाय शिकवली त्याला," काका म्हणाले. "कापनी तिची."

मग ते काकींच्या शेजारी बसले. त्यांचं आखडलेलं बोट आपल्या हातात धरून एकेका वाफ्यावर टेकवू लागले. माझ्या किचनच्या कोपऱ्यात बोट दोनदा घसरलं.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले, "घाई न्हाय आपल्याला."